न बघितलेलं पाणी

नदीकाठच्या गरम कुंडांत माणसं उतरण्याआधी दोघा भावांतला धाकटा पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवायचा, म्हणून सगळं खोरं त्याला कोपरच म्हणे. जुन्या दगडी कुंडात झऱ्याचं पाणी कढत यायचं. त्यात पाटानं नदीचं गार पाणी सोडायचं, हात घालून बघायचं आणि मग ओरडायचं, "उतरा बिनधास्त!" त्याच्या शब्दावर म्हातारीकोतारीसुद्धा डोळे मिटून उतरत.

आणि नेमका त्यानंच घोळ घातला! संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांनी नाकं मुरडली, "गरम कसलं, हे तर कोमट!" कोपरला ते झोंबलं. घ्या लेको, म्हणत त्यानं पाटाच्या तोंडाला फळी लावली. पाहुणे खूश होऊन गेले, फळी मात्र तशीच राहिली. कुंड रात्रभर तापत गेलं.

पहाटे थोरला भाऊ नेहमीसारखा पाय सोडून बसला. साखरेच्या आजारानं त्याचे पाय बधिर झालेले. कातडी सुटली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. हाक ऐकून कोपर धावत आला. त्यानं आधी फळी काढली, मग भावाला उचललं.

डॉक्टर म्हणाले, जखम चिघळली तर पाय कापावा लागेल. वहिनी स्वतःलाच बोल लावत होती. "मीच यांना एकटं सोडलं. भावजी, तुम्ही होतात म्हणून बरं!" हे ऐकून कोपरला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी पट्टी बदलताना त्याला राहवेना. "दादा, फळी मी लावली होती. काढायची विसरलो. आणि तुला उचलण्याआधी ती लपवली."

वहिनीनं कापूस खाली ठेवला. त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही.

थोरला आपला हात न्याहाळत होता. "म्हणजे पाणी खरंच कढत होतं?"

"हो."

"हात घातला तेव्हा चटका बसला होता रे. आजारात पायांचंही असंच झालं होतं, आधी आग, मग काहीच नाही. म्हटलं, आता हातांची पाळी आली. पाणी तर तू बघितलेलं असणार, ते कसं चुकेल? म्हणून पाय सोडले."