पाचशे बारातले शेवटचे सोळा

"मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही. बसला तर मिशी उतरवून देतो," असं म्हणून सोपान मारुंजीच्या रंभाबाईच्या टपरीपुढल्या बाकड्यावर टेकला. टेकला कसला, ढासळलाच. एकवीस दिवस त्याच्या पाठीने लॅबमधल्या खुर्चीखेरीज दुसरा आधार पाहिला नव्हता. डोळे असे चुरचुरत होते, की चहाची वाफसुद्धा सोसवेना.

समोर मॅनेजर कौस्तुभ उभा. वयाने सोपानपेक्षा वीस वर्षं धाकटा. सोमवारीच त्याने बजावलं होतं, "सर, मशीन का मरतंय ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर कार्ड चालवणारा ड्रायव्हर-प्रोग्राम दुसऱ्या टीमकडे जाईल, तुम्ही मॅन्युअल लिहा." मॅन्युअल लिहायला बसवलेला माणूस पुन्हा तिथून उठत नाही, हे सोपानने दोघांच्या बाबतीत पाहिलं होतं. आणि आज शुक्रवार. दोन हजार पाच सालचा, ढगाळ, आळसट शुक्रवार.

"मशीन चालतंय सकाळपासून," कौस्तुभ म्हणाला. "पण झालं काय होतं? मला वर सांगायचंय."

"म्या बी ऐकते," रंभाबाई किटली खाली ठेवत म्हणाली. "तीन आठवडं हितं येऊन उसासं टाकलंत. मला बी कळू द्या."

"मग तुम्हाला समजेल असंच सांगतो," सोपान म्हणाला. "मशीनची मेमरी म्हणजे पाचशे बारा गुंठे रान समजा. त्याची पाटीलकी सिस्टिमकडे. कुणाला कुठला तुकडा द्यायचा, ते तीच ठरवणार. आता आपलं कार्ड. ते कॅमेऱ्याचे फोटो आणतं आणि कुणाला न विचारता थेट रानात ओततं. तशी त्याची घडणच. म्हणून मी काय केलं? शेवटचे सोळा गुंठे कार्डासाठी राखले आणि मशीन सुरू होताना वाचतं त्या फाइलीत एक ओळ लिहिली. पाटलीणबाई, तुमचं रान चारशे शहाण्णवच. पुढं बघूच नका."

"म्हंजी खोटं सांगितलंत."

"सोयीचं सांगितलं. तिला ते सोळा दिसतच नव्हते, म्हणून ती ते कुणाला देत नव्हती. कार्ड तिथं खुशाल फोटो ओतायचं. पण ती ओळ गेली! पाटलीणबाईंना पाचशे बारा दिसायला लागले. ते सोळाही त्यांनी वाटून टाकले. आज घड्याळाला, उद्या प्रिंटरला. आणि वरून कार्ड ओततंच आहे. ज्याच्या अंगावर फोटो पडला, तो मेला. रोज वेगळा मुडदा, म्हणून कारण सापडेना."

किमया, त्याच्या हाताखालची इंजिनिअर, कौस्तुभच्या शेजारीच उभी होती. या एकवीस दिवसांत तिनेही घरचं जेवण गरम असं पाहिलं नव्हतं. "काका, फाइलीतली ओळ आपोआप जात नाही," ती म्हणाली.

आज सकाळी ओळीची जागा रिकामी दिसली, त्याच क्षणी ती कुणी काढली ते सोपानला आठवलं होतं. आठवलं म्हणूनच त्याच्याच्याने दुपारी डबा उघडवला नाही. आता त्याने चहाचा घोट घेतला आणि मिशीवरून हात फिरवला.

"तेच तर सांगतोय. म्हशीने काढली."

"काय?"

"तीन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार. वीज गेलेली, एसी बंद. मशीन तेवढं बॅटरीवर. मागच्या दाराला वीट लावून आम्ही दार उघडं ठेवलेलं, आणि पलीकडे रान. म्हशीला मिठाची ओढ. इतक्या दिवसांचा माझा घाम कीबोर्डवर साचलेला. मी हात धुऊन येतोय तर बाई जीभ लावून चाटतायत. फाइल उघडीच होती. तेवढी एक ओळ चाटून पुसली."

"नेमकी तेवढीच?"

"वर सेव्ह करून गेली. कपाळावर पांढरा ठिपका. रंभाबाई, तुमचीच होती."

कौस्तुभ हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला, किमयाच्या खांद्याचा आधार घेऊन हसला. त्या हसण्यात प्रश्न वाहून जाईल, आपण आज घरी जाऊन झोपू, असं सोपानला वाटून गेलं. त्याचे डोळे मिटूही लागले.

रंभाबाई मात्र हसली नाही. फडक्याने हात पुसत ती पुढे आली.

"माज्या म्हशीवर आळ घेऊ नका, सोपानराव. तिला दिवाळीतच ताम्हिणीला भावाकडं धाडलीया. आन् ती वळ तुमीच काडलीत. कंपनीचा मोजणीवाला येनार, कागदावर पाचशे बारा हायेत, मशिनीत सोळा कमी दिसलं तर चोरीचा बोभाटा हुईल, तवा आजच्यापुरती वळ काडतो, तो गेला की परत घालतो, असं ह्याच बाकड्यावर बसून मला सांगितलंत. तो गेला, आन् तुमी इसरलात!"