खिळ्यात अडकलेला कपटा

मित्रांनो, शिंप्याच्या टेबलावरची जुनी कात्री बोलतेय, जरा ऐका. जन्म मेरठचा, पण गेली सव्वीस वर्षं पुण्यात आहे, मंडईमागच्या बोळात, दिगंबरशेठांच्या दुकानात. दुकान शेठांचं असलं, तरी मी मात्र कटिंग मास्टर मकबूलचाचांची. आमच्या धंद्यात कापडाची कात्री कागदाला लावत नाहीत, धार मरते. आणि एकाची कात्री दुसऱ्याने उचलायची नाही. चाचांनी मला कधी कोणाच्या हातात दिलं नाही. त्याचा मला केवढा तोरा होता!

मग नम्रता आली. वाशीमची, रेडिमेडच्या फॅक्टरीत काम केलेली. येताना स्वतःची लाल मुठींची कात्रीही घेऊन आली.

"फॅक्टरीवाली! हिला कापडाची काय कदर?" चाचा पुटपुटले आणि मला गुदगुल्या झाल्या. पण आठवड्याभरातच शेठ म्हणाले, "मास्टर, पोरीचा हात साफ आहे हो." माझ्या अंगाची नुसती आग झाली. सव्वीस वर्षांत माझं कौतुक करायला यांना सवड मिळाली नव्हती!

एका दुपारी चाचांनी कापडावर खाकी कागदाचा खाका, म्हणजे मापाचा नमुना, ठेवला आणि मला चालवलं. हल्ली त्यांना खडूची रेघ नीट दिसत नसे. कापडाबरोबर खाक्याची कडही कापली जातेय, हे त्यांना कळलंच नाही. मला कळलं. मशीनवर बसलेल्या नम्रतानेही मान वर करून पाहिलं, पण ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लग्नाच्या शेरवानीचं रेशीम चावलं. चाचांनी मला उघडून पाहिलं, तर दोन पाती जोडणाऱ्या खिळ्यापाशी कागदाचा कपटा!

"नम्रता! माझ्या कात्रीने कागद कापलास?"

ती खाली मान घालून उभी राहिली. शेठ गल्ल्यावरून उठून आले. "अहो बाई, आम्ही इथे कपडे शिवतो, पतंग नाही. उद्यापासून येऊ नका."

खरं सांगू? मला आनंद झाला. बरी खोड मोडली, म्हटलं. मला वाचा असती तरी त्या दिवशी मी बोलले नसते, इतकी जळत होते मी तिच्यावर.

संध्याकाळी ती डबा पिशवीत भरत होती. चाचांनी तोच खाका कपाटातून पुन्हा बाहेर काढला. त्या कपाटाची किल्ली त्यांच्याशिवाय कोणाकडे नसते. कडेवरून बोट फिरवलं, तर एक पट्टीच गायब. ते मटकन स्टुलावर बसले.

"बेटा, तुला ठाऊक होतं?"

"हो चाचा."

"मग बोलली का नाहीस?"

"शेठ समोर होते. तुम्हाला दिसत नाही हे कळलं असतं, तर तुमचं काम गेलं असतं."

चाचांचे डोळे भरून आले. ते तडक गल्ल्यापाशी गेले. "शेठ, कागद मीच कापला. मला रेघ दिसत नाही. तिला काढू नका."

शेठांनी टेबलावरचं चावलेलं रेशीम उचलून पाहिलं. मग म्हणाले, "आणि शेरवानी कोण कापणार?"

चाचांनी मला उचललं आणि मुठीकडून नम्रतापुढे धरलं. "माप मी सांगतो. तू काप."

तिचा हात लागला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, माझी धार दोन मिनिटांत परत लावून मिळाली. नम्रता गेली असती तर परत मिळाली नसती. म्हणून कळकळीने सांगते, शेजारी काम करणाऱ्याचा कितीही हेवा वाटो, त्याच्यावर आळ आला म्हणून खूश होऊ नका. मी झाले होते. आणि ज्या चाचांसाठी मी जळत होते, त्यांनाच ती वाचवत होती.