पडद्याआडचा सल्ला

गुरुनाथरावांचा खोकला उन्हाळ्यातच सुरू झाला होता. एप्रिल उजाडला, म्हणजे दक्षिणेकडच्या या परदेशातली पानगळ; पापाटोएटो उपनगराच्या रस्त्यांवर पानं गळायला लागली, आणि खोकल्याने जोर धरला. ज्याच्याकडे ते दोघं व्हिसावर राहायला आले होते तो त्यांचा मुलगा, संग्राम, रोज म्हणायचा, "बाबा, डॉक्टरकडे चला." ते हात झटकायचे. शेवटी त्यांच्या बायकोने, वसुंधराबाईंनी, त्यांना दुकानांच्या रांगेतल्या लिनबाईंकडे नेलं. लिनबाई म्हणजे चिनी वैद्य. त्यांच्याकडे मात्र गुरुनाथराव मुकाट्याने आले.

नाडी पाहायला लिनबाईंनी त्यांना पडद्याआड नेलं. वसुंधराबाई बाहेर बाकावर बसून राहिल्या. आत बराच वेळ हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. गुरुनाथराव एक पुडी घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाल्या हो?"

"पानगळीत फुफ्फुसं कोरडी पडतात म्हणे. नासपती खडीसाखर घालून वाफवायची, त्यात ही पांढरी सुकी फुलं टाकायची. बाकी काही नाही."

वसुंधराबाई रोज नेमाने ते करू लागल्या. संग्रामच्या चार वर्षांच्या मुलीला, इरावतीला, तो गोड रस फार आवडायचा. आजोबांच्या मांडीवर बसून दोघं एकाच वाटीतून खायची. पण गुरुनाथराव खंगत चालले होते. रात्री उशी घामाने भिजायची. खोकला आला की ते न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे. वसुंधराबाईंच्या मनात पाल चुकचुकायची, पण औषधाला वेळ लागतोच, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या.

मग एका सकाळी इरावती खोकली. बारीक, कोरडं. "आजी, आय ॲम ओके," म्हणत ती खेळायला पळाली. वसुंधराबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

फुलं संपली होती. ती आणायला त्या एकट्याच गेल्या. लिनबाईंनी त्यांना ओळखलं. "हजबंड? एक्स-रे?" त्यांनी विचारलं. वसुंधराबाईंना काही बोध होईना. तेव्हा लिनबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "आय टोल्ड हिम. फर्स्ट हॉस्पिटल. देन पेअर." आधी हॉस्पिटल, मग नासपती; एवढं इंग्रजी वसुंधराबाईंना कळत होतं. त्या पुडी न घेताच परतल्या.

"का लपवलंत?" त्यांनी दारातूनच विचारलं.

गुरुनाथराव खुर्चीत मिटून बसले. "छातीत काही निघालं तर व्हिसा वाढवणार नाहीत गं. परत पाठवतील. तिथे आपलं कोण आहे?"

"आणि ही पोर?"

वसुंधराबाईंनी संग्रामला ऑफिसात फोन लावला.

एक्स-रेत डाव्या फुफ्फुसावर डाग दिसला. क्षय. गुरुनाथरावांना मास्क लावून हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवलं. काचेपलीकडून ते हात हलवत होते. वसुंधराबाईंनी हात वर केला नाही.

घरातल्या सगळ्यांच्या हातावर क्षयाच्या तपासणीची सुई टोचली गेली. दोन दिवसांनी नर्स पाहायला आली, तेव्हा वसुंधराबाईंचा आणि संग्रामचा हात स्वच्छ होता. इरावतीच्या मनगटाच्या वर लाल, टणक गाठ उठली होती, लागण झाल्याची खूण. नर्सने पट्टी लावून ती मोजली. तिचं हसू मावळलं. आता मुलीच्याही छातीचा फोटो काढावा लागेल, म्हणाली.

ती गेल्यावर संग्रामने विचारलं,

"आई, तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुला फोन केला ना, त्याच दिवशी कळलं रे."

त्याने मान हलवली. पण तो आईकडे बघत नव्हता. त्याने इरावतीला उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.