मागचा कप्पा

आमच्या ह्यांना लग्नात कोणाचं नाव कधी आणि कसं घ्यायचं याचं वेड. घरात मीठ संपलंय हे दहादा सांगावं लागतं, पण येडगावच्या कुठल्या घरातल्या पणज्याचं नाव काय, हे झोपेतून उठवून विचारा. जुन्नर-आंबेगावात लग्न म्हटलं की माइकवर हे, म्हणजे सयाजी गुरुजीच हवेत. मंगलाष्टकांच्या आधी दोन्ही घरच्या थोरामोठ्यांची नावं घेतात आमच्याकडे, आणि एखादं राहिलं की तो पाहुणा न जेवता गाडीला किक मारतो. मग वर्षानुवर्षं येणंजाणं बंद. म्हणून ह्यांनी प्रत्येक माणसाचं एक कार्ड केलेलं. जाड कागद नारायणगावच्या दलीचंद शेठकडून कापून आणायचा, आणि कार्डं ठेवायचं पाकीट मी शिवायचं.

पाकीट मी मोटारसायकलच्या सीटचं काळं रेक्झिन घेऊन शिवलेलं. वरच्या झाकणाला निळ्या आणि लाल पेनासाठी दोन पट्ट्या, आत दोन कप्पे. पुढच्या कप्प्यात हयात माणसं, मागच्यात गेलेली. कार्डावर श्री. किंवा कै. लिहायचं नाही. माणूस गेला की खाडाखोड होते, आणि खाडाखोड गुरुजींना खपत नाही. कप्पाच सांगायचा. पुढून कार्ड आलं की ह्यांच्या तोंडात आपोआप श्री., मागून आलं की कै. कळंबच्या सुताराकडून एक लाकडी स्टँडही करून घेतलेला. माइकशेजारच्या टेबलावर तो मांडायचा, त्याच्या खाचेत पाकीट उभं करायचं, बाजूच्या भोकांत पेनं. एखाद्या भटजीनं देव मांडावेत तसं सगळं चालायचं.

रोज सकाळी चहाबरोबर पेपरातल्या निधनाच्या बातम्या वाचायच्या, आणि चहा गार व्हायच्या आत कार्ड पुढून मागं टाकायचं. रस्त्यात कोणी सांगितलं तरी तेच. बोलता बोलता हात खिशाकडे गेलेला असायचा. मी म्हणायचे, यमाचे कारकून आहात तुम्ही. ह्यांना ते आवडायचं नाही.

प्राचीच्या लग्नाचं सांगते. त्या साली आमच्या भागात मोबाईल नुकते आले होते, आणि गोरखभाऊंच्या खिशात एक होता. प्राची त्यांची मुलगी, येडगावची. मुलगा बोरी बुद्रुकचा. कार्यालय कळंबजवळ, हायवेच्या कडेला. ही प्राचीची दुसरी सोयरीक. पहिली साखरपुडा होऊन मोडली होती, कारण त्याच आठवड्यात त्या मुलाचा चुलता वारला आणि मुलीचा पायगुण वाईट असं ठरलं. ठरवणाऱ्यांचं काय जातं. पोरगी पुढं दोन वर्षं कोणाच्या लग्नाला गेली नाही, कोणाच्या बारशाला गेली नाही.

तिचे आजोबा, भिमाजी आबा, पुण्याला दवाखान्यात होते. लग्न पुढं ढकलायचं नाही, असं त्यांनीच बजावलेलं. आमच्या ह्यांचं पाकीट स्टँडमध्ये मांडून झालं नव्हतं, तोच गोरखभाऊंनी आम्हा दोघांना आचाऱ्याच्या मांडवामागं नेलं. तिथं पाण्याचा टँकर उभा होता. त्याला टेकून ते म्हणाले, "आबा गेले. आत्ता फोन आला."

मी तोंडावर पदर धरला. गोरखभाऊ रडत नव्हते. त्यांना रडायला सवड नव्हती.

"अक्षता पडूस्तवर कुनाला कळाया नगं, गुरुजी. कळलं तर सुतक. बोरीकर वऱ्हाड घिऊन माघारी जात्याल. आन माज्या पोरीला परत तेच…" मग म्हणाले, "आईला बी सांगायचं न्हाई. आबांचं नाव जित्या मानसाचं घेत्यात तसं घ्या."

हे नुसती मान हलवत राहिले. पाकीट उघडझाप करत होते. माणूस घाबरला की हाताला चाळा लागतो, असं मला वाटलं.

मला काम मिळालं बयाबाईंजवळ बसायचं. बयाबाई म्हणजे आबांच्या कारभारीण, गोरखभाऊंच्या आई. पहिल्या रांगेत हिरवं नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून बसलेल्या. आदल्या दिवशी कासार येऊन बांगड्या भरून गेला होता. हातभर नव्या बांगड्या त्या सारख्या मागंपुढं करत होत्या. मी त्यांच्याकडे बघूच शकत नव्हते. न बघावं तर त्यांना शंका येईल, म्हणून बघत होते आणि हसत होते.

"अंजना, माजा उजवा डोळा लवतोय गं सकाळधरनं," त्या म्हणाल्या. "घास बी उतरंना. गोरख म्हनला, रातीला बरी झोप लागली त्यांना. खरं आसंल का?"

"खरंच असंल की आत्या," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू येईना.

"गुरुजींना सांग, त्यांचं नाव जरा दमानं घ्या. तेवढंच मला ते मांडवात आल्यागत वाटंल."

मुहूर्त जवळ आला तसे टेबलाजवळ हे खाली वाकलेले दिसले. पुढचा कप्पा पालथा केला, स्टँड उचलून बघितला, कोटाचे खिसे चाचपले. मग मला खुणेनं बोलावलं. मी बयाबाईंना पाणी आणते म्हणून उठले.

"आबांचं कार्ड सापडंना," हे म्हणाले. कपाळावर घाम.

"तोंडपाठ आहे की तुम्हाला."

"आज कार्डाशिवाय माझी जीभ वळायची नाही. हयात माणसांत शोधलं, खिशांत शोधलं. गेलं कुठं?"

तेवढ्यात वाजंत्री थांबली. भटजींनी हात केला, नवरी मामासोबत बोहल्यावर आली, अंतरपाट धरला गेला. मी जागेवर येऊन बसले. बयाबाईंनी माझा हात हातात घेतला. घामेजलेला होता तो, का माझाच होता, कोणास ठाऊक. स्टेजच्या पायरीजवळ गोरखभाऊ फेटा बांधून उभे होते आणि एकटक माइककडे बघत होते.

आधी गेलेल्यांची नावं घेतात. ह्यांनी मागच्या कप्प्यात बोटं घातली आणि मुलीच्या घरची कार्डं बाहेर काढली. दोन कार्डं. त्या घरचं मागच्या कप्प्यात एकच कार्ड असायला हवं होतं, प्राचीच्या पणजोबांचं. टँकरपाशी चाळा करणारा तो हात मला आठवला. बातमी ऐकली आणि हातानं आपलं रोजचं काम करून टाकलं होतं. ह्यांना पत्ताही नव्हता. मी अर्धी उठले, पण बयाबाईंनी हात घट्ट धरलेला.

पणजोबांचं नाव झालं. मग ह्यांचा तो भरदार, सवयीचा आवाज आला. "आणि कैलासवासी भिमाजी…"

पुढं नाही आलं काही. माइक नुसता घूं घूं करत होता. बोरीकरांच्या बाजूनं कुजबुज उठली. गोरखभाऊंनी खांब धरला. अंतरपाटामागून प्राचीनं मान वर केली, आणि तिचा चेहरा पाहून मला वाटलं, संपलं सगळं, या पोरीचं आता काही खरं नाही.

माझा हात सुटला. बयाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"अवो गुरुजी," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमचं म्हातारं जित्तं हाय. दवाखान्यात नर्सांवर डाफरतंय."

कोणीतरी हसलं. मग सगळा मांडव हसला. बोरीकरांतला एक म्हातारा ओरडला, "चुकून मारलं की आयुष्य वाढतं राव, आबा आता शंभरी गाठत्यात." नवऱ्या मुलाचे वडील टाळी देऊन हसले. लोक आपल्याकडे बघताहेत म्हणून गोरखभाऊही हसले. तसं हसणं मला पुन्हा बघायला लागू नये. ह्यांनी दोन्ही हात जोडले, क्षमा मागितली, आणि म्हणाले, "श्रीयुत भिमाजी आबांची नात." श्रीयुत म्हणताना आवाज फाटला, तो लोकांना शरमेचा वाटला. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. प्राचीनं हार घातला तेव्हा मी मांडवभर लोकांत हमसून रडले. शेजारच्या बाया म्हणाल्या, बाईचं मन लई हळवं.

पंगतीत बयाबाई माझ्याशेजारी बसल्या आणि पोटभर जेवल्या. दोनदा भात घेतला. वाढप्याला थांबवून जिलेबी मागून घेतली.

"गुरुजींना बोलू नगं काय," त्या म्हणाल्या. "देवच बोलला त्यांच्या तोंडून. सकाळधरनं जीव टांगणीला व्हता माजा. भर मांडवात मेला म्हनलं, म्हंजी आलेलं गंडांतर टळलं बघ. डोळा बी लवायचा थांबला."

त्यांनी कागद मागितला, चार जिलेब्या बांधल्या आणि पुडी माझ्या हातात दिली.

"डाक्टर गोड देऊ देत न्हाईत, पर आज द्यायचं. तूबी चल माज्यासंगं दवाखान्यात, गुरुजींना बी घे. मी सांगितलं तर पटायचं न्हाई त्यांना, गुरुजींच्या तोंडूनच ऐकू द्या. लई हसत्याल."

हसता हसता त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मनगटानं पुसलं. बांगड्या वाजल्या. पुडीतला पाक माझ्या बोटांना लागत होता. मांडवाच्या त्या टोकाकडून गोरखभाऊ फेटा काढून हातात घेऊन आमच्याकडे यायला निघाले होते, आणि बयाबाई त्यांना लांबूनच हात करून बोलावत होत्या.