तिदा आजीची गोटी

शाळेच्या खोलीत पडद्याआड मतदानाची तीन पिंपं होती, प्रत्येकावर एका उमेदवाराचं चित्र. हवं त्या पिंपाच्या नळीत काचेची गोटी सोडायची. आत घंटा वाजली की मत पडलं. सायकलच्या घंटीने घोटाळा नको म्हणून सायकलींना आवारात बंदी होती. न्यिमा मास्तरीणबाईंचं काम एवढंच: नावापुढे खूण करायची, गोटी द्यायची आणि पडद्याआडून 'टण्ण' येतं का, इकडे कान ठेवायचा.

दुपारी तिदा आजी गोटी घेऊन आत गेली आणि नेमका चटईवरचा तिचा सान्ना, न्यिमाचा मुलगा, रडू लागला. चार महिन्यांचं पोर, सकाळपासून अंग कोमट लागत होतं. न्यिमाने त्याला छातीशी घेतलं, कपाळाला हात लावून पाहिला. मान वर केली तर आजी बाहेर पडलीसुद्धा. घंटा वाजली होती का? वाजली असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि पुढच्या बाईला गोटी दिली.

पाचला मतदान संपलं आणि गोऱ्या साहेबाने पिंपांना सील ठोकलं. तेवढ्यात आजी धापा टाकत आली, मुठीत गोटी.

"मोरोंकडून, आपल्या फकीरबाबांकडून, दुआ फुंकून आणली, पोरी. देशाचं काम, तसंच कसं टाकायचं?"

"आजी, मतदान संपलं."

"गोरा साहेब इतकी वर्षं बसला, त्याला माझ्या गोटीसाठी दोन तास थांबवत नाही? जाताना तू अडवलं नाहीस, मला वाटलं चालतं."

न्यिमाने साहेबाकडे पाहिलं. साहेबाला सांगायचं तर पोराला घेऊन बसल्याचंही सांगावं लागलं असतं.

"द्या इकडे," ती हळूच म्हणाली. "मी पोचवते."

तीन दिवसांनी निकाल आला. आजीचा, होडीच्या चित्राचा उमेदवार चारशे मतांनी पडला. त्या एका गोटीने काही बदललं नसतं, हे न्यिमाने कितीदा तरी मनाशी घोकलं. संध्याकाळी आजी उकडलेल्या शेंगा घेऊन दारात.

"पडला मेला. पण माझी गोटी होती ना त्याच्यात?"

"होती, आजी."

"मग झालं. स्वातंत्र्य आलं की नातवंडांना सांगेन, त्यात एक गोटी माझीपण आहे. खा, गरम आहेत."

शेंगा तशाच गार झाल्या. सान्ना उभा राहायला लागला, तेव्हा त्याच्या हाती लागू नये म्हणून न्यिमाने आजीची ती गोटी आणखी वरच्या फळीवर ठेवली.