तांबडं नळकांडं

सईबाईंनी पळीभर पाणी सोडले, पाटावरची विळी किंचित उत्तरेकडे सरकवली आणि म्हणाल्या, "झालं. उचला आता."

त्यांचा जावई रविकांत एकेक वस्तू उचलू लागला. कात्री, शिवणयंत्राच्या तेलाची बुधली, लेक भव्याचा लॅपटॉप, बायको जयंतीचा पान्यांचा डबा. आयुधपूजेला मांडलेली हत्यारे रात्रभर हलवायची नाहीत, दसऱ्याच्या सकाळी पुन्हा पूजा झाली की मगच ती उठवायची, हा सईबाईंच्या तंजावरच्या माहेरचा नेम. लग्न होऊन चेन्नईत आल्यापासून जळगावच्या रविकांतलाही तो अंगवळणी पडला होता.

फोन वाजला तेव्हा त्याच्या हातात पान्यांचा डबा होता. ईस्ट कोस्ट रोडवरच्या चौकीतला हवालदार तमिळमध्ये विचारत होता, पिवळी, दोन सीटची गाडी तुमचीच का.

"माझ्या बायकोची."

"सार, तुम्ही या. एकटे येऊ नका. कोणाला तरी बरोबर घ्या."

त्याने डबा खाली ठेवला. पाटाच्या टोकाला एकच वस्तू उरली होती. वीतभर उंचीचे, तांबड्या रंगाचे, आग विझवायचे नळकांडे. जयंतीच्या गाडीतले. त्याच्या पोटावर चंदनाचे बोट ओढलेले होते आणि वर कुंकू.

"कोण होतं?" सईबाईंनी विचारले.

"कोणी नाही. राँग नंबर," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

मुट्टुकाडूच्या पुढे रस्त्याच्या कडेला गाडीचा सांगाडा उभा होता. जयंतीला तोवर दवाखान्यात हलवले होते, पण हलवण्यासारखे काही उरले नव्हते हे हवालदाराच्या तोंडावरून कळत होते. पेट्रोलची नळी फाटली असावी, तो म्हणाला. इंजिन मागे होते, त्यामुळे धूर तिला उशिरा दिसला असेल. समोरच्या चहावाल्याने सारे पाहिले होते. बाई खाली उतरली होती, तो म्हणाला. चांगली चार पावले लांबही आली होती. मग परत गेली. दार उघडून वाकली, सीटपुढे हात घालून काहीतरी शोधत राहिली. तेवढ्यात भडका उडाला.

"पर्स असेल, सार. बायका पर्स सोडत नाहीत," हवालदार म्हणाला.

रविकांतने मान हलवली. सीटपुढचा, नळकांडे अडकवायचा लोखंडी पट्टा तसाच होता. उघडा, रिकामा.

घरी माणसे जमायच्या आत त्याने नळकांडे पाटावरून उचलले, जुन्या टॉवेलात गुंडाळले आणि माळ्यावर सारले. जयंती ते गाडीत परत ठेवायला विसरली असणार, एवढेच त्याने मनाशी धरले. पण ज्या म्हाताऱ्या बाईने आपल्या हाताने त्याला कुंकू लावले, तिला हे कळून चालणार नव्हते. मुलगी आगीपुढे वाकून जे शोधत होती ते आपल्या देवापुढे बसले होते, हे ऐकून कुठली आई जगेल? सईबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हते. त्या त्याला 'तांबडं नळकांडं' म्हणत. ते कशासाठी असते हे त्यांना ठाऊक नसावे, यावर रविकांतने सगळा भार टाकला.

तेराव्याला जयंतीचा मावसभाऊ बालाजीराव सर्वांसमोर म्हणाला, "तिच्या गाडीत एक्स्टिंग्विशर होता की. एवढी शिस्तीची बाई."

"होता," रविकांत म्हणाला. "वेळेवर चालला नाही."

भिंतीला टेकून सईबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी घरात सण झाले नाहीत. यंदा मात्र सईबाईंनी स्वतःच पाट काढायला सांगितले. नवमीला पूजा, दशमीला जयंतीचे श्राद्ध. आणि नेमकी यंदाच भव्याने गाडी घेतली होती. निळी, बुटकी, दोन सीटची. कोइमतूरच्या एका डॉक्टरने वापरलेली. गाडी चालवायला तिला आईनेच शिकवले होते, आणि आईबरोबर गाड्या पळवणाऱ्या जुन्या मंडळींसोबत रविवारी सकाळी त्याच रस्त्याने जायचे तिने ठरवून टाकले होते. रविकांतने नाही म्हणून पाहिले नाही. एवढेच म्हणाला, "आधी एक्स्टिंग्विशर. तो बसल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर जाणार नाही."

म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी बाप-लेक जनरल पॅटर्स रोडवर आले होते. सगळा रस्ता गाड्यांच्या सामानाचा. सणामुळे दुकानांपुढे केळीचे खुंट, झेंडूच्या माळा आणि कोहळ्यांचे ढीग. दुकानदाराचे नाव वादिराज. कपाळावर उभे गंध, खिशाला तीन पेनं आणि बोलायची भारी हौस. भव्याने त्याला फोनवर गाडीचा फोटो दाखवला.

"ह्यात माणूस बसतो की झोपतो?" त्याने विचारले.

"बसतो. उठायला मात्र क्रेन लागते," भव्या म्हणाली.

"आणि अप्पांना कुठे ठेवणार?" त्याने रविकांतकडे बोट केले.

"अप्पा ट्रेननं येतील."

वादिराज मनापासून हसला. रविकांतही थोडा हसला. मग काउंटरवर एकेक नळकांडे येऊ लागले. फवाऱ्याच्या डब्यासारखे एक होते, ते वादिराजने स्वतःच बाजूला सारले. डॅशबोर्डवर शोभेला बरे, म्हणाला. कार्बन डायऑक्साइडचे जड होते, आणि एवढ्याशा गाडीत काचा बंद असताना ते सुटले तर श्वासच कोंडायचा. उरली दोन. एक पावडरचे आणि एक वायूचे, ज्याने मागे काही सांडत नाही, इंजिन खराब होत नाही.

"पावडर काय वाईट?" रविकांतने विचारले.

"वाईट नाही, सार. सगळ्या आगींना चालते. पण नाकातोंडात जाते, दिसेनासं होतं. आणि तिला सांभाळावं लागतं."

"माझ्या अम्माच्या गाडीत पावडरचंच होतं," भव्या म्हणाली. "वेळेवर चाललं नाही. असं का होतं?"

वादिराजच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. अम्माचे काय झाले हे त्याने विचारले नाही. पावडरचे नळकांडे उचलून त्याने उलटे केले आणि भव्याच्या कानाशी धरले.

"ऐका. आत सरकतंय ना? रस्त्याच्या हादऱ्यांनी ही पावडर खाली बसत जाते. वरचा काटा हिरव्यातच असतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. दाबलं की नुसता वारा येतो. अधूनमधून असं उलटं करून हलवायचं असतं. लोक विसरतात."

"म्हणजे अम्मा विसरली," भव्या म्हणाली.

रविकांतने तोंड उघडले. गाडी पुसून झाली की जयंती नळकांडे काढायची, नारळ पारखावा तसे कानाशी धरून हलवायची आणि खालूनच ओरडायची, 'रवी, जिवंत आहे रे!' शेजारच्या बायका गॅलरीत येऊन हसायच्या. हे सांगायचे तर पुढचा प्रश्न आलाच असता. मग चालले का नाही?

"बसवायला पट्टा कुठला चांगला?" त्याने विचारले.

"लोखंडी. बोल्ट मारून, सीटच्या पुढच्या कडेला. चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका, ब्रेक मारला की हे घरंगळत पायाखाली येईल. बेल्ट लावून बसल्यावर हात पोचला पाहिजे." मग तो भव्याकडे वळला. "आणि एक ऐक, मा. हे गाडी वाचवायला नाही. डोळे मिटून उघडेपर्यंत संपतं. तू बाहेर पडावीस म्हणून आहे. एकदा बाहेर पडलीस की लांब जायचं. परत फिरायचं नाही. कशासाठीच नाही."

"सरी, अण्णा," भव्याने मान डोलावून कबूल केले.

रविकांत रस्त्याकडे बघत होता. पलीकडे एक माणूस नव्या व्हॅनच्या चाकांखाली लिंबे ठेवत होता.

त्यांनी वायूचे घेतले.

वेस्ट मांबलमच्या घरी परतले तेव्हा सईबाई हॉलमध्ये जमिनीवर बसून चिंचेने समया घासत होत्या. वय झाले होते, पण पूजेची भांडी त्या कामवालीला देत नसत. भव्याने खोके त्यांच्यापुढे उघडले.

"बघ अज्जी. सगळ्यात चांगलं आणलंय. ह्यात पावडर नाही, हलवायची कटकट नाही. अम्माचं का नाही चाललं ते आज कळलं. ती कधी हलवतच नव्हती."

सईबाईंचा हात थांबला.

"असं कोण सांगटलं?"

"दुकानवाल्यानं."

सईबाईंनी नातीकडे पाहिले नाही, जावयाकडे पाहिले. रविकांत खोक्यातला पट्टा आणि बोल्ट वेगळे काढण्यात गुंतला होता.

"जा, खाली गाडीत बसून बघ कुठे पोचतो हात," तो भव्याला म्हणाला. "गॅरेजवाला येईलच."

ती नळकांडे काखेत मारून जिना उतरली. हॉलमध्ये पितळेवर चिंच फिरण्याचा आवाज राहिला.

"जावई," सईबाई म्हणाल्या. "दोन आणायचं होतं."

"दुसरं कशाला, आई?"

"एक पाटावर बसवीन. चंदन, कुंकू, सगळं त्याला. गाडीतलं गाडीतच राहू द्या."

रविकांतने बोल्ट खाली ठेवले. सईबाई समईच्या बुडाशी अंगठा घासत होत्या. डाग तिथे नव्हता.

"पोरीला सांगून ठेवा," त्या म्हणाल्या. "गाडीतनं काढायचं नाही. पूजा उठली नाही, हलवूनको, असं कोण म्हातारी सांगटली तरी ऐकायचं नाही."

रविकांत त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"पहाटे मागत होती ती," सईबाई म्हणाल्या. "अंधारात, चपला घालून, इथं दाराशी उभी. अम्मा, तेवढं एक घेते, मणाली. मी देटली नाही. एक दिवसानं काय होतं, मणून मीच बोलली."

"तुम्हाला काय कल्पना, आई."

"होती की. कशाला असतं ते, तीच दाखवटली होती मला. गाडी आणली त्याच दिवशी."

खालून भव्याने हॉर्न वाजवून पाहिला. एकदा, मग पुन्हा.

"दुकानवाला म्हणाला, त्यानं गाडी वाचत नाही," रविकांत म्हणाला. "अगदी थोडा वेळ चालतं. असतं तरी—"

"गाडीचं कोण विचारलं?"

सईबाईंनी हातातली समई ताटात ठेवली. "तेराव्याला तुम्ही सांगटलं, चाललं नाही मणून. कुणासाठी सांगटलं ते मला कळलं. बरं वाटलं मला. म्हणून गप्प बसली. पण आता पोर तिलाच नाव ठेवते."

रविकांतने ताटातली दुसरी समई ओढून घेतली आणि चिंचेचा गोळा मोडून अर्धा आपल्याकडे घेतला. सईबाईंनी पाण्याचे भांडे दोघांच्या मध्ये सरकवले. समई चकचकीत होईपर्यंत दोघेही त्याच कामात राहिले. मग तो उठला, हात धुतले आणि पट्टा व बोल्ट घेऊन खाली गेला.

निळ्या गाडीत भव्या बेल्ट लावून बसली होती. गॅरेजवाला दाराशी उकिडवा बसून सीटपुढची जागा खडूने आखत होता.

"पोचतो, अप्पा! बघा." तिने डोळे मिटले आणि हात खाली नेला. तो नेमका नळकांड्यावर पडला. "मी अम्मासारखी विसराळू नाही. दर रविवारी काटा बघणार."

"पूजेसाठी दुसरं एक आणायचं आहे," रविकांत म्हणाला. "दुकान उघडं असेल अजून."

"दुसरं? हेच ठेवू या की पाटावर. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"नाही. हे इथून हलणार नाही. रात्रभरासाठीही नाही."

"का पण?"

त्याने वर पाहिले. गॅलरीच्या कठड्याला धरून सईबाई उभ्या होत्या. चिंचेने माखलेले हात त्यांनी अजून धुतले नव्हते.

"अज्जीनं सांगितलंय," तो म्हणाला.

"अय्यो, अज्जीनं?" भव्या हसली. "पूजेचं सामान अज्जीनं सोडलं? मग पाऊस पडणार आज."

गॅरेजवाल्याने बोल्ट आवळले, पट्टा हाताने ओढून पाहिला आणि निघून गेला. भव्याने रविकांतला शेजारी बसवून घेतले आणि दोघे दुसरे नळकांडे आणायला पुन्हा जनरल पॅटर्स रोडकडे निघाले. जातानाही ती बोलत होती, येतानाही. पूजा झाली, दुसऱ्या दिवशी श्राद्ध झाले, पाट उठले. भव्याची आई विसरली नव्हती, हे तिला सांगायचे अजून राहिले आहे.