शेवटचं पिल्लू आणि हुस्नाबींचा चहा

आमच्या मैनेनं पिल्लं घातली आणि मला तांड्यात तोंड दाखवणं मुश्कील झालं. मैना अस्सल शिकारी कुत्री, बारीक कंबरेची, लांब नाकाची. पिल्लांचा बाप मात्र महागावच्या बाजारातला कुणीतरी उनाड. पोरांनी आईचे पाय घेतले आणि बापाची अक्कल. दोरीवरची लुगडी ओढून झाली, चपला पळवून झाल्या, मग लीलाबाईच्या कोंबड्यांवर गेली. मेली घडीभर स्वस्थ बसतील तर शपथ!

लीलाबाईनं बैठक बसवली. बाजाराच्या दिवसानंतर तांड्यात पिल्लू दिसलं, तर पोत्यात घालून घाटात सोडायचं ठरलं. घाटात बिबट्या आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे सासरे भावसिंग, म्हणजे मामाजी, माझ्या स्कूटीवर मागे बसून पिल्लांना घरं शोधत गावोगाव हिंडले. एक पिल्लू तर पिशवीत लपवून एसटीनं कळंबच्या भाच्याकडे पोचवलं. शेवटी उरलं एकच, सगळ्यांत द्वाड आणि मामाजींचं सगळ्यांत लाडकं.

बाजाराच्या दिवशी सकाळी युनूसभाई मेकॅनिकचा निरोप आला. त्यांच्या शेतात रानडुकरांनी सोयाबीन लोळवलं होतं, राखणीला कुत्रं हवं होतं. त्यांच्यात कुत्रं चालत नाही असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. मी आणि मामाजी पिल्लू घेऊन शेतावर गेलो, तेव्हा त्यांच्या आई, हुस्नाबी, म्हणाल्या, "घरात नाही ठेवत आमी. वावरात राखणीले चालते."

मामाजींनी पिल्लू त्यांच्या पायाशी सोडलं. त्यानं लगेच त्यांची ओढणी धरली. हुस्नाबी हसत ओरडल्या आणि चुलीवरचा चहा गाळून घेऊन आल्या.

मामाजींनी हात जोडले. "नाही, मी नाही पेत."

"पाणी तरी घ्या."

"पाणी बी नको."

हुस्नाबींचा चेहरा उतरला. कप त्यांनी तसाच खाली ठेवला. "आमच्या घरचा चहा चालत नाही, तं तुमचं कुत्रं आमाले कायले? घेऊन जा."

मामाजींचं आयुष्यभर हे असंच, बोलायचं तिथं यांची दातखीळ बसते! मला पोत्यातलं पिल्लू दिसायला लागलं. मी त्याला उचललं आणि तडकून बोलले, "मावशी, तसं नाही हो! दिल्या लेकीच्या घरचं पाणी पेत नाहीत ना, तसं हे दिल्या पिल्लाच्या घरचं पेत नाहीत. कळंबले सख्ख्या भाच्याकडून तहानलेले आले!"

हुस्नाबींनी माझ्या हातातलं पिल्लू मामाजींच्या मांडीवर ठेवायला लावलं.

"मी अजून घेतलंच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे पिल्लू तुमचंच हाये. आता प्या चहा. मंग द्या."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी कप तोंडाला लावला आणि दुसऱ्या हातानं पिल्लाचे कान कुरवाळत राहिले. मला रडू आलं, लपवलं नाही.

चहा कधीच संपला होता, पण मामाजी कप खाली ठेवेनात. हुस्नाबींनी काही न विचारता त्यात पुन्हा चहा ओतला.